राख-चिंचेनं घासलेलं संग्रहालय

दिवाळी उरकली की आमच्या विद्यापीठाच्या आवारात सप्तपर्णीचा वास इतका दाटतो, की संध्याकाळी चालायला येणारी माणसं नाकाला रुमाल लावतात. मला मात्र त्या वासाबरोबर भाताची कापणी आठवते. दोन वासांचं एकमेकांशी नातं काही नाही. एक गोड, जड, अंगावर येणारा. दुसरा ओल्या पेंढ्याचा, किंचित आंबूस, नाकात खाजवणारा. पण दोघांचे दिवस एकच. इकडं सप्तपर्णी फुलली की तिकडं वेल्ह्याच्या खोऱ्यात विळ्यांना धार लागलेली असते. मग मी संग्रहालयाच्या खिडकीत उभी राहून उगाच दक्षिणेकडं बघत बसते. जणू किकवीचा फाटा इथून दिसणार आहे!

कुठलं विद्यापीठ ते सांगत नाही. परीक्षा विभागाची माणसं अजून तिथंच आहेत आणि आमचा त्यांचा चहा एकाच टपरीवर असतो. आणि ही गोष्ट त्यांच्यावर मिळवलेल्या विजयाची आहे, हे मी लपवणार नाही.

माझं गाव किकवी. हायवेच्या कडेचं. आईचं माहेर भोंगवली, तिथं मामा. आणि धाकटी मावशी दिलेली मार्गासनीला, भाताच्या खोऱ्यात. लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या या तीन गावांमध्ये एसटीनं जा-ये करण्यात गेल्या. पुढं शिकायला पुण्याला आले आणि विद्यापीठातली संग्रहालयं पहिल्यांदा बघितली, तेव्हा दडपून गेले होते. एका इमारतीत दगड, एका इमारतीत बरण्यांमधले साप, एका कपाटात दाबून वाळवलेली हजारो पानं, आणि आमच्या इमारतीत उत्खननातून आलेली खापरं. नॅप्थलिनचा वास, लाकडी खण ओढताना येणारी कुरकुर, आणि प्रत्येक तुकड्यावर चिनी शाईनं घातलेला बारीक नंबर. आमच्याकडं मडकं फुटलं की उकिरड्यावर जातं. इथं त्याला नंबर मिळतो, कापूस मिळतो, स्वतःचा खण मिळतो. मला ते फार आवडलं. दोन वर्षं मी दातांच्या ब्रशनं खापरं साफ केली आणि एकदाही कंटाळले नाही.

एक गोष्ट मात्र टोचायची. एवढ्या खोल्या, एवढे खण, आणि त्यात माझ्या माणसांचं काय, तर कोपऱ्यात एक नांगराचा फाळ, खाली चिठ्ठी: ‘शेतीचे अवजार, पश्चिम महाराष्ट्र’. बास. कुठलं गाव नाही, कुणाचा हात नाही. त्या फाळापुढून जाताना मला दर वेळी राग यायचा. राग मला लवकर येतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

म्हणून संग्रहालयाच्या प्रमुख मॅडमनी जेव्हा सांगितलं, की पूर्वेकडची खोली रिकामी होतेय, तिथं डोंगरी शेतीचं दालन करता येईल, भोर-वेल्ह्याकडच्या वस्तू तू गोळा करशील का, तेव्हा मी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. हो म्हणून मोकळी झाले. मग त्यांनी उरलेलं वाक्य पुरं केलं. त्या खोलीवर परीक्षा विभागाचाही डोळा होता, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायला. दिवाळीनंतर महिन्याभरानं तिघांची समिती येणार, आणलेल्या वस्तू जुन्या आणि अस्सल आहेत का ते बघणार, आणि मग खोली कुणाची ते ठरणार. शिक्षण संपल्यावर संग्रहालयात मिळालेली माझी नेमणूक तात्पुरती होती. तीही त्या खोलीबरोबरच राहणार किंवा जाणार होती. खरं सांगायचं तर नोकरीचं मला तितकं वाटत नव्हतं. आमच्या विळ्या-कोयत्यांच्या जागेवर गणिताच्या उत्तरपत्रिका येणार, हे मात्र मी सहन करणार नव्हते.

“एकच लक्षात ठेव,” मॅडम म्हणाल्या होत्या. “वस्तू जशी आहे तशी आण. मळकी तर मळकी, गंजलेली तर गंजलेली. त्या मळातच सगळं असतं.”

नवरात्रात मी तिन्ही गावं हिंडले. मार्गासनीला भाताच्या लोंब्या पोटरीतून बाहेर पडून पिवळ्या व्हायला लागल्या होत्या. भोंगवलीला मामांच्या अंगणात बसून मी सगळ्यांना समजावून सांगितलं: जुनं जे असेल ते द्या, आहे तसं द्या, काही करू नका. मावशीकडंही तेच. सगळ्यांनी मान डोलावली. मी खूश होऊन परत आले.

आता वाटतं, माझ्यासारखी मूर्ख मीच. आमच्याकडं पाहुणा दारात आल्या आल्या काय म्हणतो? “काही करू नका हं, जे असेल ते वाढा.” आणि तो असं म्हणाला की लगेच चुलीवर कढई चढते. “काही करू नका” हे बोलायचं असतं, ऐकायचं नसतं. मी याच घरांमध्ये जेवून मोठी झालेली, आणि मीच हे विसरले. वर दालनाचं सांगताना मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते, की लांबून लांबून लोक बघायला येतील. झालं! त्यात पुढं दिवाळी. घराघरातली भांडी, फडताळं, उंबरे घासले जात होते, त्यातच माझ्या वस्तूही घासल्या गेल्या.

दिवाळीच्या पुढच्या आठवड्यात किकवीचा एक टेम्पो आवारात शिरला. समोर गणपतीचा फोटो, बाजूला मामा. मॅडम पायऱ्यांवर उभ्या होत्या. ताडपत्री सोडली आणि उन्हात काहीतरी इतकं चमकलं, की त्यांनी डोळ्यांवर हात धरला.

ते मापटं होतं. धान्य मोजायचं पितळी माप. मी ते बघितलं होतं तेव्हा काळपट हिरवं होतं. आता त्यात तोंड दिसत होतं. राख आणि चिंच लावून कुणीतरी सबंध दुपार त्याच्यावर घालवली होती. त्याच्या मागोमाग मावशीनं पाठवलेले नऊ लखलखीत विळे, मग घोंगडी उतरली, डोंगरावरच्या धनगरवस्तीतली, रिठ्यानं धुतलेली, कडेला नवीन गोंडे लावलेली. मग इरलं. पावसात लावणी करताना बायका डोक्यावरून पाठीवर घेतात ते, बांबूच्या काड्यांचं आणि पानांचं. जुनी पानं काढून टाकून त्याला ताजी हिरवी पळसाची पानं बसवली होती आणि वरून प्लॅस्टिकचा कागद शिवला होता. “वाटंत भिजाया नगं,” मामांनी खुलासा केला. कार्तिकात!

आणि सगळ्यात शेवटी मामांचा नांगर. बाभळीचा, त्यांच्या वडिलांच्या वेळचा. त्याला त्यांनी निळा रंग दिला होता, कडेनं पिवळी रेघ ओढली होती, आणि मधोमध पांढऱ्या अक्षरात लिहिलं होतं: ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’.

“रंग शेजारच्या ट्रॅक्टरचा उरल्याला व्हता,” मामा अभिमानानं म्हणाले. “कसा वाटतोय?”

मॅडम पायरीवर बसल्या. मामांसमोर त्या एक शब्द वाईट बोलल्या नाहीत, चहा पाजला, आभार मानले. टेम्पो गेल्यावर मला हळूच म्हणाल्या, “अगं, यांनी वय घासून टाकलं की. आता समितीला मी काय दाखवू?” त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मार्गासनीच्या गाडीत बसले होते. नसरापूर सोडलं की रस्ता वळतो आणि दोन्ही बाजूंना भात सुरू होतं. त्या दिवशी अर्धी खाचरं कापलेली आणि अर्धी उभी होती. गाडीच्या खिडकीतून तूस उडून आत येत होतं. एरवी त्या रस्त्यानं जाताना मी शाळेतली पोर होऊन जाते. त्या दिवशी मात्र भांडायचं ठरवून निघाले होते आणि वाटेत वाक्यं जुळवत होते.

मावशी खाचरात होती. बायका रांगेनं वाकलेल्या, प्रत्येकीची आपली पात, म्हणजे कापत पुढं न्यायची पट्टी, विळ्यांचा खसाखस आवाज. मी बांधावरूनच सुरुवात केली. आहे तसं द्या म्हणून सांगितलं होतं ना? कशाला हात लावलात? मॅडम म्हणतात, सगळं वय घासून टाकलं!

मावशीनं कंबर सरळ केली, घाम पुसला आणि खाचरातल्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाली, “वय घासून जात असतं तर म्या आदी माजं तोंड नसतं का घासलं?”

खाचरभर हशा झाला. माझी जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठं गेली. तरी मी नेट धरून सांगितलं, की आता समिती म्हणणार हे सगळं काल बाजारातून आणलंय, आणि खोली जाणार.

मग मात्र तिनं हसणं आवरलं. विळा कमरेला खोचून बांधावर माझ्याजवळ आली. “चार मानसं बघाया येनार, अन् म्या सासूचा विळा गंजल्याला पाठवू? लोकं कुनाला नावं ठिवत्याल? तिलाच ना?” पुढं म्हणाली, “तुज्या मॅडमला सांग, समिती यील त्या दिशी आमी बी येतो. वस्तू आमच्या हायेत, तोंड बी आमीच दिऊ.”

त्या दुपारी मी परत गेले नाही. ओढणी कमरेला बांधून एक पात धरली. दहा वर्षांत विळा हातात घेतला नव्हता; अर्ध्या तासात तळव्याला फोड आला. दुपारी बांधावर बसून भाकरी, ठेचा आणि ताकाचं मडकं. कुणी मला समजावलं नाही, कुणी माफीही मागितली नाही. संध्याकाळच्या गाडीला निघाले तेव्हा राग कधी गेला ते मला कळलंही नव्हतं.

समिती आली तेव्हा भात खळ्यावरून घरात गेलं होतं. आवारात चांगलीच थंडी होती. मावशी नवी काठापदराची साडी नेसून आली होती, मामा टोपी आणि कोटात. तिघा सदस्यांतले अध्यक्ष इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक होते. उंच, कमी बोलणारे, हातात वही-पेन. त्यांनी मापट्यात स्वतःचं तोंड बघितलं. नांगरावरचं ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ वाचलं आणि मान वळवून मॅडमकडं बघितलं. मला तोंड लपवावंसं वाटलं. मग ते टेबलावर मांडलेल्या नऊ विळ्यांपाशी आले. पात्यांना धार, मुठींना तेल. एक उचलला, ठेवला. दुसरा उचलला, ठेवला.

“बाई,” ते मॅडमना म्हणाले, “तुमच्या कामाबद्दल आदर आहे. पण हे जुनं कशावरून म्हणायचं? एकाही वस्तूवर काळाची खूण उरलेली नाही.” आणि वहीत काही लिहायला लागले.

मावशी त्यांच्या हाताकडं बघत होती. “सायेब,” ती म्हणाली, “तुमी डावरं हाय का?”

अध्यक्षांचं पेन डाव्या हातात थांबलं. “हो,” ते म्हणाले. “का हो?”

मावशी टेबलाशी गेली. विळ्यांच्या मुठी तिनं एकेक करून चाचपल्या, बघितलं फारसं नाहीच. सातवा विळा उचलून तिनं त्यांच्यापुढं धरला. “ह्यो धरा. डाव्यातच धरा.”

त्यांनी धरला. आणि त्यांच्या अंगठ्यानं स्वतःच स्वतःची जागा शोधली. मुठीच्या लाकडात एक खोलगट खड्डा होता, अंगठ्याएवढा, गुळगुळीत; आणि पलीकडं चार बोटांचे चार. कुणी कोरलेले नव्हते. चाळीस-पन्नास कापण्यांत हातानं खाल्लेले होते. अध्यक्षांनी विळा उजव्या हातात घेऊन बघितला, तिथं तो काही केल्या नीट बसेना. पुन्हा डाव्यात घेतला.

“माज्या सासूचा,” मावशी म्हणाली. “ती बी डावरी. घरात डाव्या हातानं घास घेतला की तिला मार पडायचा. भाकरी थापली तरी बोल खायची. पर कापनीला तिला कुनी बोलत नव्हतं. तिच्यासाटनं लोहाराकडनं उलट्या धारंचा विळा करून घेतल्याला, ह्यो बगा. डावरं मानूस रांगंत मदी चालत न्हाई, शेजारनीच्या विळ्याला विळा लागतो. म्हून तिची पात कायम शेवटाला. अन् शेवटाकडनं सुटायची ती सगळ्यांच्या आदी बांधाला पोचायची.” मग हसून म्हणाली, “आमी घासलं, तेल लावलं, समदं खरं. पर खड्डा भरत न्हाई सायेब.”

अध्यक्षांनी तो विळा खाली ठेवला नाही. “मला लिहायला शिकवताना माझा हा हात बांधून ठेवायचे,” ते म्हणाले. कुणाला उद्देशून म्हणाले ते कळलं नाही. बराच वेळ ते अंगठा त्या खड्ड्यात फिरवत उभे होते. मग त्यांनी वहीचं पान उलटलं आणि विचारलं, “आणि हे बाकीचे आठ कुणाचे?”

मावशीनं आठही सांगितले. ही मूठ आखूड, कारण ती बाई लहानखोर. हिच्या मुठीला तार गुंडाळलेली, कारण तिच्या बोटाला विंचू चावल्यावर पकड गेली होती. मामांनाही मग राहवेना. त्यांनी अध्यक्षांचा हात धरून नांगराच्या रुमण्यावर ठेवला, नांगरताना धरतात त्या दांड्यावर. “रंग बघू नगा, हात फिरवा. हितं माजा बा हाय, अन् जरा खाली म्या. त्यो उंच व्हता.” तिन्ही सदस्य आळीपाळीनं निळ्या रंगावरून हात फिरवू लागले. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

खोली मिळाली. अध्यक्षांनी तिथंच, डाव्या हातानं, सही केली. परीक्षा विभागाला जिन्याखालची जागा मिळाली. ती कोरडी आहे आणि गठ्ठ्यांना भरपूर आहे, त्यामुळं त्यांची कीव करायचं कारण नाही. त्या संध्याकाळी टपरीवर मी सगळ्यांना चहा पाजला, त्यांनाही पाजला.

मॅडमचा मोठेपणा त्यानंतर दिसला. मी म्हटलं, मामांच्या नांगरावरचा रंग हलक्या हातानं काढता येईल का? त्या म्हणाल्या, “नाही काढायचा. चुकले मी. आपण खणताना वरचा थर फेकून देतो का? आधी त्याची नोंद करतो, मगच खाली जातो. या वस्तूंवरचा सगळ्यात वरचा थर तुझ्या माणसांचा आहे, या दिवाळीचा.” म्हणून आमच्या दालनातल्या चिठ्ठ्या तुम्हाला दुसऱ्या कुठल्या संग्रहालयात सापडणार नाहीत. ‘मापटे, पितळी. संग्रहालयात पाठवण्याआधी राख व चिंचेने घासले.’ ‘नांगर, बाभळीचा, भोंगवली. मालकांनी संग्रहालयासाठी स्वतः रंगवला. रंग ट्रॅक्टरचा.’ कोपऱ्यातला तो बेवारशी फाळही आम्ही त्याच खोलीत आणला. त्याचं गाव अजून शोधतेय.

हे सगळं आठवायला दर वर्षी कापणीच लागते. आता तर त्या दिवसांत फोनच सुरू होतात. कुठली तरी ओळख नसलेली बाई वेल्ह्याकडच्या वाडीतून बोलत असते, आमच्याकडं बी हाय म्हणते, घासून ठिवलंय म्हणते. मी “आहे तसं द्या” हे शब्द तोंडातून काढत नाही. कुणी घासलं आणि कशानं, एवढंच विचारून लिहून घेते. खोली आता पुरत नाही. मागच्या आठवड्यात मी शेजारच्या खोलीसाठी अर्ज केला आहे, आणि ती मिळवल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

पण त्या पहिल्या वर्षी, संक्रांतीच्या पुढं, दालन उघडलं तो दिवस मला पुरता आठवतो. दोन टेम्पो आणि सकाळची एसटी भरून तिन्ही गावं आली होती. मावशीनं आधी बाकीच्या खोल्या बघितल्या. खापरांच्या खणापाशी ती थांबली. एवढे तुकडे, एवढे नंबर, आणि सगळे मातकट. तिनं बराच वेळ बघून मला विचारलं, “ह्यांच्या मागं कुनी न्हाई का गं?” मी म्हटलं, कुणाची होती तेच माहीत नाही. तिनं त्या खणाला हात जोडले आणि पुढं झाली.

आमच्या खोलीत विळ्याच्या पेटीपुढं गर्दी होती. मावशीला बघून गर्दी बाजूला झाली. मावशी चौथीपर्यंत शिकलेली. अक्षर अक्षर जुळवून वाचते. तिनं चिठ्ठीवर बोट ठेवलं. “विळा. उलट्या धारंचा.” मग बोट पुढं सरकलं आणि अडलं. तिथं सासूचं नाव होतं. आमच्याकडं सून सासूचं नाव घेत नाही. सासू जाऊन वर्षं लोटली होती, पण मावशीच्या तोंडून ते नाव मी कधीच ऐकलं नव्हतं. मी पुढं होऊन वाचणार, तोच तिनं मला हातानं मागं सारलं.

“चंद्रभागाबाई,” ती म्हणाली. मोठ्यानं, एका दमात. “मार्गासनी. डावखुऱ्या. भाताच्या पातीत पयल्या.”

मावशीनं डोळ्यांना पदर लावला, नाक ओढलं आणि माझ्याकडं वळली. “म्होरं ल्ही.”

“काय लिहू?”

“अजून तिच्या म्होरं कुनी ग्येलेलं न्हाई, आसं ल्ही.”

संग्रहालयाच्या छापील चिठ्ठीवर हातानं काही लिहायचं नसतं, हा नियम मला तोंडपाठ आहे. मी मॅडमकडं बघितलं. त्यांनी पेटीचं कुलूप काढलं आणि स्वतःचं पेन माझ्या हातात दिलं.